जुने ट्रॅक्टर : जतन आणि वापर (सातारा-सांगली)

कामातून बाद झालेला, साधारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा शेतीचा ट्रॅक्टर पुन्हा चालता करून हौसेने, हलक्या कामापुरता वापरण्याचा छंद. ब्रिटन-अमेरिकेत या छंदाचे मेळे भरतात, जुन्या ट्रॅक्टरांच्या नांगरणीच्या स्पर्धा होतात. कृष्णाकाठी त्याला कोणी छंद म्हणत नाही. ‘आजोबांचा ट्रॅक्टर उभा केला’ एवढेच सांगितले जाते. हा शब्दप्रयोग दुहेरी आहे. मोडकी वस्तू उभी करणे म्हणजे पुन्हा कामाची करणे, आणि गाडी उभी करणे म्हणजे थांबवणे. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत यातला दुसरा अर्थ आधी साधावा लागतो. बहुतेकांचे चुकते ते इथेच: इंजिन बांधून होते, रंग लागतो, आणि ब्रेकची आठवण पहिल्या उतारावर येते.

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर 1959 मध्ये फरिदाबादला आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्याचे इंजिन हवेने थंड होणारे, म्हणजे रेडिएटर नाहीच. त्याआधीचे ट्रॅक्टर आयातीचे. 1946 ते 1956 या काळात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेला करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-20 हा त्यातला सर्वांत नावाजलेला. मद्रासच्या टॅफे कंपनीचे मॅसी फर्ग्युसन, महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी 1963 मध्ये काढलेल्या कंपनीचा लाल बी-275, एस्कॉर्ट्सचा निळा फोर्ड 3000, पिंजोरला 1971 पासून बनू लागलेला एचएमटी झेटर 2511 आणि 1974 चा स्वराज 724 ही पुढची पिढी. साधारण पंचवीस ते पंचेचाळीस अश्वशक्तीची ही यंत्रे. आजच्या ऊसवाहतुकीच्या हेडपुढे, म्हणजे ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरपुढे, ती किरकोळ दिसतात, पण त्यांची रचना अशी उघडी आहे, की चांगला मिस्त्री पाने, जॅक आणि साखळी-चेनब्लॉकवर जवळजवळ सगळे खोलू शकतो. संगणक नाही, सेन्सर नाही.

हे मिस्त्री या भागात का सापडतात, याला इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर हे तिथले सुरुवातीचे मुख्य उत्पादन. शेजारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिने आणि ओतकाम वाढले. त्यामुळे बाजारात न मिळणारा बुश, पिन किंवा पुली लेथवर कातून घेणे इथे नवलाचे नाही. फुटलेले ओतीव हाउसिंगही नमुना नेऊन पुन्हा ओतून मिळू शकते. क्रँक घासणे, बोअर करून नवे लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) बसवणे, व्हॉल्व्ह लॅप करणे म्हणजे घासून घट्ट बसवणे, ही तर रोजची कामे.

ट्रॅक्टर कुठे उभा होता, यावर अर्धे काम ठरते. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या तालुक्यांत पत्रा टिकतो; टायर, होज, ऑइल सील मात्र उन्हाने तडकतात. पाटण-जावळीच्या पावसात मडगार्ड आणि फूटबोर्ड चाळणीसारखे होतात. कृष्णेच्या महापुरात बुडालेला ट्रॅक्टर हे वेगळेच प्रकरण. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 मध्ये हे पाहिले आहे. अशा ट्रॅक्टरला सेल्फ मारून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) काढून इंजिन हाताने फिरवायचे, पाणी बाहेर येऊ द्यायचे. गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगमधले ऑइल दुधाळ झाले असेल, तर ते सगळे काढून, धुऊन, पुन्हा भरायचे.

जाम झालेल्या इंजिनालाही घाई चालत नाही. सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल सोडून आठवडाभर ठेवावे, मग क्रँक पान्याने इंचाइंचाने हलवून पाहावे. दुसरा ट्रॅक्टर लावून गिअरमध्ये ओढणे हा गावातला आवडता उपाय. त्यात रिंगा तुटतात, कधी लायनरही चिरतो. डिझेलची टाकी धुणे, फिल्टर बदलणे, पंप आणि नोजल तपासून घेणे, लाइनमधली हवा काढणे हे झाल्याशिवाय पहिला स्टार्ट नाही. हवा काढताना गळती बोटाने चाचपू नये. नोजलमधून सुटणारे डिझेल वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक दाबाने येते आणि कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते. आत मात्र मांस सडू लागते, आणि बोट वाचवायचे तर तातडीने शस्त्रक्रिया लागते.

पहिल्या स्टार्टच्या वेळी आणखी एक धोका असतो, तो जुन्या मिस्त्रींना बरोबर ठाऊक असतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या डिझेल पंपातली रॅक, म्हणजे डिझेल किती जाईल हे ठरवणारी पट्टी, पूर्ण डिझेलच्या जागी अडकलेली असू शकते. मग इंजिन सुरू होताच वेग घेते आणि घेतच राहते. डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो, त्यामुळे किल्ली फिरवून ते थांबत नाही. अशा वेळी हवेचा मार्गच बंद करावा लागतो. म्हणून एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवतात आणि त्या तोंडावर बसेल अशी जाड फळी घेऊन एक माणूस शेजारी उभा करतात. फळीच हवी, हाताचा पंजा किंवा फडके इंजिन आत ओढते. हे काम बंद शेडमध्ये करू नये, धुराने माणूस बेशुद्ध पडतो.

ब्रेकचे काम यानंतरचे नव्हे, याबरोबरचे. जुन्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि पेडल वेगवेगळी: शेतात वळताना एकच चाक धरण्यासाठी. रस्त्यावर दोन्ही पेडल खिटीने जोडलेली असावीत. नाहीतर वेगात एकच पेडल दाबले गेले, की ट्रॅक्टर गरकन फिरतो. दोन्ही बाजूंचे लायनिंग सारखे धरते का, हे मोकळ्या रानात पाहून घ्यावे. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ती धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पसरणी घाट किंवा यवतेश्वरचा उतार न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे लोक अजून भेटतात. भरलेली, बिनब्रेकची ट्रॉली मागून ढकलत असताना जुन्या हेडकडे तिला अडवण्याचे साधन इंजिनच असते, आणि तेच सोडून दिलेले असते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला जुना ट्रॅक्टर जोडणे हा छंद नव्हे.

सेल्फची किल्ली बिघडली, की खाली उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने टर्मिनल जोडायची सवय सगळीकडे आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर मागचे चाक जोडणाऱ्याच्याच अंगावर येते. टीई-20 मध्ये हे टाळण्याची सोय सुरुवातीपासून होती: गिअरचा दांडा न्यूट्रलमधून ‘एस’ या जागी नेल्यावरच सेल्फ फिरतो. सत्तर वर्षांहून जुनी ही युक्ती वायर जोडून मोडीत काढलेली दिसते, तेव्हा मालकाच्या हौसेबद्दल शंका येते.

मागे उलटणे हा सर्वांत वाईट अपघात. फसलेली गाडी ओढायला साखळी ॲक्सलला किंवा टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) बांधली, की चाक अडकल्यावर ट्रॅक्टर मागच्या ॲक्सलभोवती पुढून वर उचलला जातो, आणि क्लच दाबायला एक सेकंदही मिळत नाही. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारवरूनच, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीवरूनच, घ्यावी. या पिढीच्या ट्रॅक्टरांना चालकाभोवतीची संरक्षक चौकट नसते. ती बसवून घेतली, तर बरोबर सीट बेल्टही हवा. चौकट नसताना मात्र बेल्ट बांधू नये. पीटीओचा, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा मागचा, शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. टॉवेल, धोतराचा सोगा, साडीचा पदर यांतले काहीही त्यात गेले, तर सोडवायला वेळ उरत नाही. गार्ड हरवला असेल, तर पीटीओ वापरूच नये.

रंगाबद्दल दोन मते आहेत. बरेच जण चकचकीत तैलरंग देतात, बॉनेटवर कुलदैवताचे नाव आणि मडगार्डवर मुलांची नावे घालतात. काही जण मूळ रंग, झिजलेले अक्षर, सीटचा घासलेला पत्रा तसाच ठेवतात. दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, पण देवाचे नाव हीसुद्धा त्या ट्रॅक्टरची इथली ओळखच आहे. जुना रंग घासताना तोंडाला मास्क लावावा. त्यात शिसे असू शकते.

कायद्याच्या दृष्टीने शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहन ठरतो. नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून नूतनीकरण करून घ्यावे लागते. सांगलीची नोंद एमएच 10, साताऱ्याची एमएच 11, कऱ्हाडची एमएच 50. पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी 2021 मध्ये केंद्राने ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली, पण ती दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी. ट्रॅक्टर तिच्या बाहेर राहिला. आजोबांच्या नावावरची कागदपत्रे वारसांच्या नावावर करून घेणे हे अनेकदा इंजिन बांधण्यापेक्षा लांबते.

उभा राहिलेला ट्रॅक्टर पुढे करतो काय? परसातले शेणखत ओढतो, कुळव धरतो, आणि खंडेनवमीला झेंडूची माळ घालून अंगणात येतो. त्या दिवशी चाकाखाली लिंबे ठेवायची रीत आहे. ठेवणारा माणूस चाकापुढून बाजूला झाला, याची खात्री करूनच सीटवरच्याने सेल्फला हात लावायचा.