सच्छिद्र काँक्रीटच्या फरसबंदीचे तुंबणे

सच्छिद्र काँक्रीटमधल्या पोकळ्या माती, वाळू आणि पालापाचोळ्याच्या भुग्याने वर्षानुवर्षे भरत जाऊन त्याची पाणी जिरवण्याची क्षमता घटणे, याला तुंबणे म्हणतात. या काँक्रीटमध्ये वाळू जवळजवळ नसते. साधारण एकाच मापाच्या बारीक खडीवर सिमेंटचा पातळ लेप बसतो, खडे जिथे टेकतात तिथे चिकटतात आणि मधली जागा मोकळी राहते. ही मोकळी जागा बहुधा १५ ते २५ टक्के असते. पावसाचे पाणी तिच्यातून खालच्या खडीच्या थरात उतरते, तिथे साठते आणि सावकाश जमिनीत मुरते.

वाळूचा कण पोकळीच्या अरुंद तोंडाशी अडकला की तुंबायला सुरुवात होते. एरवी सरळ खाली निघून गेला असता असा बारीक गाळही मग त्याच्यामागे साचतो. चिकणमाती वरून लिंपल्यासारखी बसते, वाळली की पापुद्रा धरते आणि वाहनांची चाके तो आणखी दाबतात. काँक्रीट घालताना वरून रूळ फिरवलेला असल्याने वरच्या पोकळ्या खालच्यांपेक्षा लहान असतात. त्यामुळे बराचसा गाळ वरच्या एक-दोन सेंटिमीटरांतच अडकतो. एका परीने हे बरेच, कारण तिथवर सफाईचे यंत्र पोहोचते.

खरी अडचण ही की तुंबणे लवकर दिसत नाही. चांगली नवी फरसबंदी तासाला १०,००० मिमी पाणीही जिरवू शकते, तर ताशी १०० मिमी म्हणजे अतिशय जोराचा पाऊस. नव्वद टक्के क्षमता गेली तरी एवढ्या पावसात डबके होत नाही. सगळे ठीक आहे असे वाटते आणि सफाई पुढे ढकलली जाते. पाणी साचू लागते तोवर गाळ इतका घट्ट बसलेला असतो की मूळचा वेग पुन्हा मिळणे कठीण. म्हणून डोळ्यांवर न विसंबता मोजावे हेच योग्य. 'एएसटीएम' या चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या 'सी १७०१' या चाचणीत ३०० मिमी व्यासाचे कडे पुट्टीने फरसबंदीवर चिकटवतात. आधी ३.६ किलो पाणी ओतून जागा भिजवतात. ते ३० सेकंदांच्या आत जिरले तर पुढच्या मोजणीला १८ किलो पाणी घेतात, नाहीतर पुन्हा ३.६ किलोच. कड्यातली पातळी १० ते १५ मिमी राखत पाणी ओततात. १८ किलो पाणी दीड मिनिटात उतरले, तर वेग ताशी सुमारे १०,००० मिमी येतो. मोजणी एकाच जागी करून भागत नाही. चाकांची वाट, सखल कोपरा आणि मातीलगतची कड यांचे आकडे फार वेगळे येतात.

या कडेकडे सर्वांत जास्त लक्ष हवे. शेजारच्या उघड्या मातीचा उतार फरसबंदीकडे असेल, तर एका जोरदार सरीत आलेला गढूळ लोंढा कित्येक महिन्यांच्या धुळीएवढे नुकसान करतो. गवत लावणे किंवा उतार उलटा फिरवणे हा सफाईपेक्षा स्वस्त उपाय आहे. बांधकाम चालू असताना माती-रेतीचे ढीग तर फरसबंदीवर मुळीच टाकू नयेत.

नुसत्या झाडूने वरचा कचराच निघतो. जोरदार फवाऱ्याने गाळ सुटतो, पण काही कण आणखी खोल ढकलले जातात. म्हणून फवारा आणि शोषण यंत्र यांचा एकत्र वापर अधिक गुणकारी ठरतो. मात्र मिश्रण पातळ झाल्याने सिमेंटचा लेप ओघळून तळाशी थर धरला असेल, तर तो दोष पहिल्या दिवसापासूनचा असतो आणि कोणत्याही सफाईने जात नाही.