पटावरची मुलं आणि वाचणारी मुलं

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या शाळांत तीन दिवस पटपडताळणी झाली. सरकारी पथकं वर्गावर्गांत गेली, हजेरीपट समोर ठेवला आणि बसलेली मुलं मोजली. एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात अशीच तपासणी झाली होती. तिथे कागद आणि वर्ग यांच्यात पडलेलं अंतर पाहून ती राज्यभर करायचं ठरलं. लाखो मुलं फक्त पटावरच असल्याचं त्या तीन दिवसांत उघड झालं.

ही नुसती लबाडी म्हणून सोडून दिली तर त्यामागचं कारण हातातून निसटतं. संचमान्यता पटावर होते, म्हणजे शिक्षकांची पदं पटावर ठरतात. अनुदान पटावर, पोषण आहाराचा तांदूळही पटावर. पट घसरला की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याची रवानगी दुसरीकडे होते. ज्याचं पोट त्या आकड्यावर अवलंबून आहे, त्यानेच तो आकडा भरायचा अशी आपली व्यवस्था होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ साली याच दुखण्याचा नियम मांडला. एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय बेतले जातात, तितका तो फिरवण्याचा मोह वाढतो आणि ज्या कामासाठी तो मोजला जातो ते कामही बिघडत जातं. शिक्षणाच्या आकडेवारीला हात घालण्याआधी हा नियम मनाशी ठेवावा, असं मला वाटतं.

पट खरा निघाला तरी पुढचा प्रश्न उरतोच: वर्गात बसलेल्या मुलाला वाचता येतं का? देशपातळीवर याचं उत्तर फार उशिरापर्यंत कोणाकडेच नव्हतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शाळांची सरकारी माहिती जिल्हावार गोळा होऊ लागली होती. पण तिच्यात वर्गखोल्या, शिक्षक, स्वच्छतागृहं, नळ, नावं नोंदवलेली मुलं असंच सगळं होतं. शाळेत काय आहे ते कळे, मुलाला काय येतं ते कळत नसे.

ही उणीव भरून काढायला एक स्वयंसेवी संस्था पुढे आली, आणि तिचा जन्म मुंबईचा. १९९० च्या दशकाच्या मध्यात युनिसेफ आणि मुंबई महापालिकेच्या साथीने ‘प्रथम’ उभी राहिली. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी वस्त्यांमध्ये बालवाड्या चालवण्यापासून काम सुरू केलं. त्यातून पुढे ‘बालसखी’ आली. वस्तीतलीच थोडीफार शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वर्गातून बाजूला घेई आणि रोज दोनेक तास वाचन, अंकगणित शिकवी. उपयोग होतोय असं कार्यकर्त्यांना वाटत होतं. पण वाटणं आणि असणं यांत अंतर असतं, ते मोजायला त्यांनी बाहेरच्यांना बोलावलं. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या वर्गाला बालसखी मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं आणि दोन्ही गटांची तुलना केली. बालसखी मिळालेली मुलं पुढे गेली होती. मात्र त्याच वर्गात मूळ शिक्षकाकडे राहिलेल्या मुलांना, गर्दी कमी होऊनही, काही फायदा झाला नव्हता. वर्गातली संख्या घटवली की शिक्षण आपोआप सुधारतं या लाडक्या समजुतीला हा धक्काच होता. आपल्याच कामाची अशी परकी तपासणी करवून घेण्याचं धाडस मला फार मोलाचं वाटतं. प्रयोग करणाऱ्यांपैकी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

२००५ साली प्रथमने ‘असर’ हे सर्वेक्षण सुरू केलं. चाचणीचं साधन म्हणजे एक कागद. त्यावर काही अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. स्वयंसेवक मुलाच्या घरी जातो, ओसरीवर त्याच्या शेजारी बसतो आणि परिच्छेद पुढे करतो. मूल तो सरळ, वाक्य म्हणून वाचून गेलं, दोन-तीन ठिकाणी अडखळलं तरी चालतं, की त्याला गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही तर शब्द. पाचपैकी चार शब्द आले तर ते मूल शब्दाच्या पातळीवर, नाही तर अक्षरं विचारायची. मूल पाच वर्षांचं असो की सोळा, कागद तोच. गणितातही तसंच. सुरुवात हातच्याच्या वजाबाकीने, ती जमली तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं, नाही जमली तर संख्या ओळखायच्या. पास-नापास नाही, गुण नाहीत. मूल ज्या पायरीवर सहज उभं राहू शकतं ती पायरी तेवढी लिहून घ्यायची.

हे सगळं शाळेत का केलं नाही? त्या दिवशी गैरहजर असलेलं मूल शाळेत सापडत नाही, शाळा सोडलेलं सापडत नाही, आणि खासगी शाळेत जाणारं सरकारी यादीत नसतं. घरात मात्र ही तिघंही भेटतात. शिवाय ओसरीवरच्या उत्तरावरून कोणाची बदली होत नाही आणि कोणाचं अनुदानही थांबत नाही. कॅम्पबेलच्या नियमाला इथे फार वाव उरत नाही.

आता यामागचं संख्याशास्त्र. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून जनगणनेच्या यादीतली ३० गावं निवडायची. मोठ्या गावाला निवडलं जाण्याची संधी त्याच्या आकाराप्रमाणे जास्त. प्रत्येक गावाचे चार भाग पाडून एकूण २० घरं घ्यायची, म्हणजे जिल्ह्यात ६०० घरं. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. गावं तशी नसतात. एका गावातली मुलं एकाच शाळेत जातात, त्यांना शिक्षक तेच असतात आणि बुडालेला पाऊसही सगळ्यांचा एकच. त्यामुळे एकाच गावातली ६०० घरं तपासली तरी कळतं ते मुख्यतः एका शाळेबद्दल. घरं गावागावांत विखुरली की तेवढ्याच श्रमात जिल्ह्याचं चित्र जास्त खरं उमटतं.

या पद्धतीला मर्यादा आहे आणि ती न सांगता आकडे वापरणाऱ्यांचा मला राग येतो. २०२४ च्या असरमध्ये ६०५ जिल्ह्यांतल्या ६,४९,४९१ मुलांची माहिती घेतली गेली. आकडा प्रचंड वाटतो, पण एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी १,०७० मुलं येतात, तीही ३ ते १६ या सगळ्या वयांची. म्हणजे एका जिल्ह्यात तिसरीची मुलं साधारण ७५. इतक्या मुलांवरून काढलेली टक्केवारी, ती निम्म्याच्या आसपास असेल तर, सहज ११ टक्के इकडे किंवा ११ टक्के तिकडे सरकू शकते. एकाच गावातली मुलं सारखी असल्यामुळे प्रत्यक्षात आणखीही. म्हणून ‘आमचा जिल्हा तिसरीच्या वाचनात शेजारच्यापेक्षा सहा टक्क्यांनी पुढे’ अशी बातमी दिसली तर तिच्यावर विसंबू नये. वर्गवार आकडे राज्याच्या पातळीवरच घ्यावेत.

२००५ च्या पहिल्या फेरीने ग्रामीण भारताचं जे चित्र दाखवलं ते बोचरं होतं. ६ ते १४ वयाच्या ९३ टक्क्यांहून जास्त मुलांची नावं शाळेत होती. पण ७ ते १४ वयोगटातल्या सुमारे ३५ टक्के मुलांना परिच्छेद वाचता येत नव्हता, तर निम्म्याहून जास्त मुलांना गोष्ट वाचता येत नव्हती. शाळेत आणण्याची लढाई बरीचशी जिंकली होती आणि शिकवण्याची लढाई सुरूच व्हायची होती. ही पाहणी करायला दर जिल्ह्यात स्थानिक भागीदार लागतो. कुठे डाएटचे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे छात्राध्यापक, कुठे महाविद्यालयाचे विद्यार्थी, कुठे एखादी छोटी संस्था. असे हजारो तरुण दर फेरीत गावोगाव फिरतात. दिल्लीच्या एखाद्या कार्यालयाला एवढी माणसं आणि एवढी ओळख कुठून मिळणार?

सरकारचीही स्वतःची राष्ट्रीय संपादणूक चाचणी आहे, जी शाळेत घेतली जाते. डग जॉन्सन आणि आंद्रेस पराडो या संशोधकांनी २०२१ मध्ये तिचे आकडे असर आणि आणखी एका स्वतंत्र कौटुंबिक पाहणीशी ताडून पाहिले. सरकारी सरासऱ्या लक्षणीय रीतीने चढ्या निघाल्या. अर्थतज्ज्ञ अभिजित सिंग यांनी मध्य प्रदेशात त्याच मुलांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा राज्याच्या परीक्षेत दिसलेलं बरंच यश विरून गेलं. आंध्र प्रदेशात कागदाऐवजी टॅबलेटवर चाचणी घेतल्यावर फुगवटा खूपच कमी झाला. शिक्षक अप्रामाणिक असतात असा याचा अर्थ मी काढणार नाही. त्यांच्यावर वरून जे ओझं येतं, त्याचा हा परिणाम आहे.

पण खरा आकडा मिळाला की लोक जागे होतात आणि सगळं सुधारतं, हेही गृहीतच होतं. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या २८० गावांत २००५-०६ मध्ये ते तपासलं गेलं. तिथे बहुतेक पालकांना गावात शिक्षण समिती आहे हेच माहीत नव्हतं, समितीच्या काही सदस्यांनाही आपण सदस्य असल्याचं ठाऊक नव्हतं. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार सांगितले. काही गावांत त्याबरोबर गावकऱ्यांना मुलांची वाचनचाचणी घ्यायला शिकवलं आणि गावाचं प्रगतिपत्रक बनवायला लावलं. एवढं होऊनही ना समित्या हलल्या, ना शाळा, ना मुलांचं वाचन. तिसऱ्या प्रकारच्या गावांत मात्र तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची सोपी पद्धत दिली गेली. थोडीच मुलं त्या वर्गांना आली, पण जी आली ती ठळकपणे पुढे सरकली. माहिती हातात आल्यावर पुढे करायचं काय हेही हातात असावं लागतं, हे जौनपूरने दाखवलं.

हरियाणातला प्रयोग मला याहूनही बोलका वाटतो. २०१२-१३ मध्ये तिथल्या सरकारी शाळांत दोन गोष्टी शेजारी शेजारी तपासल्या गेल्या. एक होती सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाची प्रगती वर्षभर नोंदवत राहणं. त्याचे तक्ते, नोंदी आणि रकाने आपल्याकडच्या शिक्षकांनीही रात्र रात्र जागून भरलेत. दुसऱ्या पद्धतीत रोज एक तास वर्ग मोडून मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवायचं होतं: अक्षरवाली एकत्र, शब्दवाली एकत्र, परिच्छेदवाली एकत्र. पर्यवेक्षकांनीही आधी स्वतः पंधरा-वीस दिवस असे वर्ग घेतले होते. पहिल्या गोष्टीचा मुलांच्या शिकण्यावर काहीच परिणाम दिसला नाही. दुसऱ्या पद्धतीने भाषा सुधारली. मूल्यमापन दोन्हीकडे होतं. एकीकडे ते फाइलमध्ये गेलं, दुसरीकडे त्यावरून सकाळी मूल कुठल्या गटात बसेल हे ठरलं.

धोरणात उतरायला याला वेळ लागला. बाराव्या पंचवार्षिक योजनेत शिकण्याच्या निष्पत्तीवर भर आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत वाचन आणि अंकगणित सर्वांत तातडीचं मानलं, पुढच्या वर्षी ‘निपुण भारत’ सुरू झालं. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या किती मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येते, याचा ग्रामीण भारताचा आकडा २०१८ मध्ये २०.९ टक्के होता, करोनानंतर २०२२ मध्ये १६.३ वर आला आणि २०२४ मध्ये २३.४ वर गेला. शाळा बंद राहिल्याचं नुकसान भरून त्यापुढे थोडी वाढ झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरी चारांतली तीन मुलं अजून मागेच आहेत. एव्हाना ही कागदी चाचणी पाकिस्तान, केनिया, टांझानिया, युगांडा, सेनेगल, माली आणि मेक्सिकोपर्यंत पोहोचली आहे, तिथल्या संस्थांनी ती आपापल्या भाषांत बनवली.

महाराष्ट्रापुरतं एक मोठं भगदाड मात्र तसंच आहे. असर फक्त ग्रामीण भागाचं सर्वेक्षण आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची ४५ टक्के लोकसंख्या शहरी आहे. धारावी, मालेगाव, भिवंडी किंवा सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वस्तीतल्या मुलाला गोष्ट वाचता येते का, हे या आकड्यांतून कळत नाही. शहरात मोजणं अवघड आहे, हे खरं. गावांसारखी पक्की यादी नसते, प्रभागांच्या सीमा दर निवडणुकीला सरकतात, वस्त्या उठतात आणि वसतात, इमारतींचे दरवाजे अनोळखी माणसाला उघडत नाहीत. पण समाजकार्याची महाविद्यालयं इथेच आहेत, संख्याशास्त्राचे विभाग इथेच आहेत आणि वस्त्यांत वर्षानुवर्षं पाय रोवलेल्या संस्थाही. महापालिकांनी त्यांना बरोबर घेऊन, शाळेच्या बाहेर, घरोघरी, कोणाच्याही बदलीशी वा अनुदानाशी न जोडलेली अशी पाहणी सुरू करावी आणि तिची मूळ माहिती, मुलांची ओळख काढून, सगळ्यांना खुली ठेवावी. एका शहरापासून सुरुवात झाली तरी चालेल.