पार्श्वभूमी : संगणकाच्या तयार वॉटर कूलरचा आवाज आणि पंपाच्या जागेचा वाद

संगणकाचा प्रोसेसर पाणी खेळवून थंड करणाऱ्या तयार वॉटर कूलरच्या खोक्यावर छापलेला डेसिबलचा आकडा बहुतेक वेळा पंख्याचा असतो. पंपाचा आवाज त्यात धरलेला नसतो. तो बारीक, एकसुरी असतो आणि रात्री छताचा पंखा बंद केला की कानात शिरतो. हा पंप कुठे बसवायचा, हे गेल्या दहा-पंधरा वर्षांत कानांपेक्षा वकिलांनीच जास्त ठरवले आहे.

मेनफ्रेम मशीन (मोठ्या संस्थांचे अवाढव्य संगणक) १९६० च्या दशकापासून पाण्याने थंड होत होत्या. घरच्या संगणकात पाणी आले ते हौशी लोकांमुळे : मोटारीच्या हीटरचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी), मत्स्यालयाचा पंप आणि नळीवर कसलेल्या क्लिपा. २००४ मध्ये एका बड्या अमेरिकन कंपनीने कारखान्यातच पाणी भरलेला डेस्कटॉप विकला. त्या मालिकेतली काही यंत्रे पुढे गळली आणि पाण्याची धास्ती आणखी वाढली. २००९ मध्ये १२० मिमी रेडिएटरचा सीलबंद संच दुकानांत आला, तेव्हा कुठे ती कमी झाली. २०११ पासून २४० मिमीचे संच सर्रास दिसू लागले.

यांतल्या अनेक संचांची रचना एका डॅनिश कंपनीची होती. पंप आणि तांब्याची कोल्ड प्लेट (प्रोसेसरला टेकून उष्णता घेणारी पट्टी) एकाच डब्यात, आणि त्यातून रेडिएटरकडे दोन नळ्या. अनेक ब्रँड तोच संच घेऊन वरचे झाकण, पंखे आणि दिवे तेवढे आपले लावत. त्यामुळे त्या काळातल्या ‘कोणता ब्रँड शांत?’ या चर्चा खरे तर पंख्यांच्याच तुलना होत्या.

रचनेचे अमेरिकन पेटंट २०१२ मध्ये मंजूर झाले आणि घोळ सुरू झाला तो ‘रिझर्व्हॉयर’ या शब्दाने. हौशी माणसाला रिझर्व्हॉयर म्हणजे पाणी भरायची वेगळी बाटली किंवा टाकी. पेटंटात मात्र प्रोसेसरवर बसणारा डबाच रिझर्व्हॉयर ठरतो. त्याचे दोन कप्पे : वर पंपाचा, खाली उष्णता घेणारा. न्यायालयाने शब्दाचा अर्थ लावला तो ‘द्रवाचा मार्ग आखणारे एकच पात्र’ असा. एवढ्या सैल व्याख्येत बाजारातले बरेच काही अडकले. पुन्हा पाणी भरता येणारा एक चांगला संच २०१३ मध्ये आला आणि त्याच वर्षी अमेरिकेतून मागे घ्यावा लागला. डिसेंबर २०१४ मध्ये ज्युरीने एका मोठ्या तैवानी स्पर्धकाचा माल अमेरिकेत विकणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला आणि १४.५ टक्के दराने रॉयल्टी लावली. पुढे विक्रीवर मनाई आली. अपिलात उल्लंघनाचा निकाल टिकला, मनाईचा काही भाग मात्र फेरविचारासाठी परत गेला. पंप आणि प्लेट जोडून बसवणे ही कल्पना एवढी राखीव ठेवण्याजोगी होती का, यावर जाणकारांत आजही दोन तट आहेत. ग्राहकाचा त्यात फायदा झाला असे म्हणणे कठीण.

बाकीच्या उत्पादकांनी वाट काढली ती पंप हलवून. कोणी तो रेडिएटरच्या टोकात घातला, तर २०२० मध्ये एका जर्मन ब्रँडने तो नळीच्या मधोमध लटकवला. आवाजावर याचा थेट परिणाम होतो. डब्यातला पंप मदरबोर्डला (ज्यावर प्रोसेसर बसतो त्या मुख्य पाटीला) कंप देतो. रेडिएटरमधला पंप कॅबिनेटच्या पत्र्याला, आणि पातळ पत्रा ढोलासारखा घुमतो. नळीतला पंप रबरी नळ्यांवर तरंगतो, म्हणून कंप सर्वांत कमी पोचतो. मात्र नळी कॅबिनेटला टेकली की हा फायदा गेला.

‘सीलबंद, देखभाल नको’ हे वचनही हळूहळू सैल झाले. रबरातून पाणी वर्षानुवर्षे किंचित झिरपते आणि आत हवा साठते. पंप संपूर्ण चक्रात सर्वांत उंच असेल तर ती हवा त्यातच अडकते, गुळगुळ आवाज येतो आणि बेअरिंग झिजते. म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावावा. पुढे उभा लावायचा तर त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे, आणि नळ्या पुरत असतील तर त्या खालून काढाव्यात. प्लेट तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, हा स्वस्त जोड द्रवातल्या गंजरोधकाच्या भरवशावर चालतो. तो कमी पडला की गाळ धरतो आणि प्लेटच्या बारीक चिरा तुंबतात. २०२१ मध्ये एका कंपनीला याच तक्रारीपायी संच परत घ्यावे लागले. २०२२ मध्ये दुसरीने गॅस्केट (गळती रोखणारी रबरी चकती) बदलण्याचा संच ग्राहकांना फुकट दिला.

आताचे शांत संच जाड रेडिएटर आणि हळू पंख्यांवर भर देतात. २०१९ मध्ये आलेल्या एका मालिकेत रेडिएटर ३८ मिमीचा होता, नेहमीच्या २७ ऐवजी. पण पंखा प्रोसेसरच्या तापमानाला जोडलेला असेल, तर ब्राउझर उघडताच तो उसळतो. द्रव तापायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, म्हणून पंख्याची गती द्रवाच्या तापमानावर ठेवावी. तो सेन्सर नसेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) पंख्याचा प्रतिसाद काही सेकंद लांबवावा. पंपाला मात्र एकच गती नेमून द्यावी. वरखाली होणारा सूर स्थिर सुरापेक्षा जास्त जाणवतो.