‘गुरू’ म्हणजे अंधार घालवणारा?

गुरुपौर्णिमा आली की मेसेज फिरतो: ‘गु’ म्हणजे अंधार, ‘रु’ म्हणजे तो घालवणारा, म्हणून गुरू. अर्थ सुंदर आहे, जुनाही. गुरूची थोरवी सांगणाऱ्या ‘गुरुगीता’ या संस्कृत स्तोत्रात तो सापडतो. पण ती भक्तिभावाने केलेली फोड, व्युत्पत्ती नव्हे. संस्कृतात ‘गुरु’ हे मुळात विशेषण: जड, वजनदार. त्याच्या उलट लघु, म्हणजे हलकं. शाळेत वृत्त ओळखताना ‘क’ लघू, एक मात्रा. ‘का’ गुरू, दोन मात्रा, असं मोजलंत ना, तोच हा शब्द. गुरुत्वाकर्षणातला गुरूही वजनाचाच. जड, म्हणून मोठा, म्हणून आदरणीय, मग शिकवणारा, असा अर्थ सरकत गेला. पडताळायचं तर संस्कृत कोशात ‘गुरु’ काढा, ‘जड’ हा अर्थ तिथे मिळेल. आणि ‘स्वर्गादपि गरीयसी’ आठवा: त्यातलं ‘गरीयसी’ म्हणजे ‘गुरु’चंच तुलनेचं रूप, अधिक थोर.