हिरवे हुमले

केर्न्सला राहायला येऊन आम्हाला आता तीन वर्षं होतील. घर गावाच्या अगदी कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, मागचं कुंपण संपलं की रेनफॉरेस्ट सुरू, मध्ये काहीच नाही. ऑस्ट्रेलियाचा हा ईशान्य कोपरा म्हणजे वेट ट्रॉपिक्स, १९८८ पासून जागतिक वारसा. ऐकायला भारी वाटतं, पण रात्री किचनचा लाईट लावला की खिडकीच्या जाळीवर जी गर्दी जमते ती बघून पहिले दोन महिने मी स्प्रेचा डबा हातात घेऊनच फिरायचे.

मग सावंतवाडीहून आई आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी कपडे वाळत घालताना तिच्या मनगटाला काहीतरी कडकडून चावलं, मी पळत गेले तर आई एक हिरवी मुंगी चिमटीत धरून बघतेय. म्हणाली, "अगो, हे आपलेच हुमले मगे! पण हिरवे कशे झाले?"

आणि खरंच आपलेच. मी शोधून बघितलं तर इकोफायला स्मॅरॅग्डिना, कोकणात आंब्या-काजूवर असतात तीच जात, १७७५ मध्ये फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने नाव दिलेली. स्मॅरॅग्डिना म्हणजे पाचूसारखी. कोकणातल्या तांबूस हुमल्याला हे नाव ऐकून कोड्यात पडायला होतं, पण इथल्यांचं पोट खरोखर पाचूसारखं हिरवंगार असतं. जात एक असली तरी डीएनए सांगतो की भारतातली शाखा आणि इथली शाखा लाखो वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या.

आमच्या अंगणातल्या आंब्यावर त्यांचं नवीन घरटं बनत होतं, आई आणि माझी आठ वर्षांची लेक दोघी रोज खुर्च्या टाकून बघत बसायच्या, म्हणून मीही बसले. दोन पानांमधलं अंतर एका मुंगीला पोचत नाही, मग एक दुसरीची कंबर तोंडात धरते, तिची तिसरी, अशी साखळी करून सगळ्या मिळून पानं ओढत जवळ आणतात. पानं चिकटवायचा रेशीम धागा मात्र मोठ्या मुंगीकडे नसतोच, तो असतो अळीकडे. कामकरी मुंगी अळी तोंडात धरून आणते, मिशांनी हळूच थोपटते, अळी धागा सोडते, आणि मग ती अळीला या पानावरून त्या पानावर अशी नेत राहते, अगदी मागावरच्या धोट्यासारखी. बाकीच्या बऱ्याच मुंग्यांच्या अळ्या ह्याच रेशमाचा स्वतःसाठी कोष करतात, हुमल्यांच्या अळ्या सगळं घरट्याला देऊन टाकतात आणि स्वतः कोषाशिवाय उघड्याच वाढतात. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, खरं सांगते.

एका वसाहतीची अशी घरटी कितीतरी झाडांवर पसरलेली असतात, मुंग्या काही लाखांत. हद्दीवरच्या घरट्यांत वयस्कर कामकरी राहतात, शेजारची वसाहत चालून आली की पुढे ह्या म्हाताऱ्या. तरण्या आत, पोरं सांभाळायला. आईला हे फारच पटलं. नांगी त्यांना नसते, त्या चावतात आणि पोट पुढे वळवून जखमेवर फॉर्मिक ॲसिड उडवतात, झोंबतं ते त्याने. तोच आंबटपणा लोक खातातही, इथले आदिवासी सर्दीवर घेतात, बस्तरमध्ये चापडा चटणी होते आणि ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

काजूच्या बागेत हुमले असले की माझे आजोबा ते झाड झाडायचे नाहीत, आईला हे आठवलं. कारण साधं आहे, काजूचा कोवळा मोहोर शोषणारे ढेकण्या नावाचे किडे हुमले टिपून खातात. दक्षिण चीनमध्ये तर शेकडो वर्षांपासून संत्र्याच्या बागेत ही घरटी आणून बांधायचे आणि मुंग्यांना या झाडावरून त्या झाडावर जायला बांबूचे पूल करून द्यायचे. म्हणजे स्प्रेच्या आधी हुमले होते. मी आमची कपड्यांची दोरीच चार हात लांब सरकवली, विषय संपला.

एका रविवारी डेनट्री नदी ओलांडून पलीकडच्या समुद्रावर गेलो, तिथे किनाऱ्याला पँडॅनसची गर्दी, म्हणजे आपल्या केवड्याचं भावंड. केवड्यात नाग असतो हे आईच्या मनात इतकं पक्कं की ती लांबच उभी राहिली. नाग नव्हता, पण पानाच्या पन्हळीत निळसर हिरवा काडीकिडा पडून होता, वीतभर नाही पण अर्ध्या वितीच्या आसपास, आणि लेकीने बोट पुढे केल्यावर त्याने डोक्यामागून पांढरा फवारा मारला आणि चक्क पेपरमिंटचा वास आला! वास छान असला तरी डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो, त्यामुळे तोंड जवळ नेऊ नका. डेनट्रीतल्या बऱ्याच ठिकाणी या किड्यांमध्ये नुसत्या माद्याच आहेत, नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून परत माद्याच.

इथे ज्याची खरी भीती होती तो कीटक जंगलातला नाहीच. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, मूळचा आफ्रिकेतला, कुंड्यांखालच्या बशीत आणि पन्हळीत वाढणारा, माणसाला धरून राहणारा. २०११ मध्ये केर्न्सच्या वस्त्यांत वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले डास मुद्दाम सोडले. हा जिवाणू फळमाशीतून घेतलेला, तो डासात असला की डेंग्यूचा विषाणू नीट वाढू शकत नाही. मादीकडून अंड्यात जातो, आणि वोल्बाकियावाल्या नराशी साध्या मादीचं मीलन झालं तर अंडी फुटतच नाहीत, त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या वोल्बाकियावालेच वाढत जातात. पुढे टाउन्सव्हिल शहरात शाळकरी मुलांनी घरी डब्यात हे डास वाढवले. इथे स्थानिक डेंग्यू आता जवळपास दिसत नाही. तरी बशीतलं पाणी मी रोज ओतते.

आई परत गेली तरी व्हिडिओ कॉलवर आधी आंबाच दाखवायला लावते. मागच्या आठवड्यात ते घरटं तपकिरी पडलं, पानं वाळली की हुमले ते सोडतात. लेकीने फोन वरच्या फांदीकडे नेला, तिथे चार हिरवी पानं अर्धी ओढून झाली होती.