टेस्टोस्टेरॉन पूरक उपचार (बेळगाव सीमाभाग)

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरेसे तयार होत नसेल, तर ते इंजेक्शन, जेल किंवा कॅप्सूलच्या रूपाने बाहेरून देण्याचा उपचार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी बोलण्यात तो ‘हार्मोनचं इंजेक्शन’ असतो आणि ज्यासाठी तो घ्यायचा ती ‘कमजोरी’.

हा कमजोरी शब्दच निदानाच्या आड येतो. रक्त कमी असले, साखर वाढली, झोप उडाली, संसारात मन लागेना, सगळ्याला तोच शब्द. समोरचे डॉक्टर कन्नडभाषक असले की मराठी माणूस ‘वीकनेस आहे’ म्हणून गप्प बसतो आणि टॉनिकची चिठ्ठी घेऊन घरी येतो. सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात: इच्छा उरली नाही, पहाटेची ताठरता थांबली, दाढी पूर्वीसारखी वाढत नाही, छाती स्त्रीसारखी फुगते आहे, किरकोळ पडण्याने हाड मोडले. यांतली पहिली दोन लक्षणे डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोगी पडतात, आणि तीच लाजेपोटी गिळली जातात.

टेस्टोस्टेरॉन वृषणातील लायडिग पेशींत तयार होते. त्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून एलएच या संप्रेरकाने येतो. दोष दोन्ही ठिकाणी असू शकतो. न उतरलेले वृषण, वयात आल्यावर झालेले गालगुंड, पीळ बसून निकामी झालेले वृषण, कर्करोगाची औषधे, क्लाइनफेल्टरसारखा (पुरुषात एक्स गुणसूत्र जास्त असण्याचा) जन्मजात दोष ही वृषणाच्या बाजूची कारणे. पीयूषिकेवरील गाठ, अफूजन्य वेदनाशामके दीर्घकाळ घेणे ही वरच्या बाजूची. लठ्ठपणा आणि मधुमेहातही पातळी खाली येते. तिथे वजन उतरवले की ती बऱ्याचदा आपोआप वर सरकते, म्हणून तिथे आधीच इंजेक्शनकडे वळू नये.

निदानासाठी रक्त सकाळी, उपाशीपोटी घेतात. पातळी पहाटे सर्वाधिक असते, दुपारपर्यंत उतरते आणि जेवणानेही घटते. जांबोटी-कणकुंबीकडून निघालेला माणूस नाश्ता करून, दुपारी बाराला प्रयोगशाळेत पोचला, तर धडधाकट असूनही त्याचा अहवाल कमी दिसू शकतो. आदल्या रात्री बेळगावात पाहुण्यांकडे मुक्काम केलेला बरा. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेने 2018 मध्ये 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा धरली. दोन वेगवेगळ्या सकाळी आकडा त्याखाली आला आणि लक्षणेही जुळली, तरच उपचार. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे जिल्हा रुग्णालय आणि के.एल.ई.चे प्रभाकर कोरे रुग्णालय मोठे आहे. निपाणी-चिकोडीकडची माणसे कोल्हापूर-मिरजही गाठतात.

टेस्टोस्टेरॉन 1935 मध्ये वेगळे काढले गेले आणि त्याच वर्षी कृत्रिमरीत्या बनवलेही गेले. आजचे इंजेक्शन तेलात असते. चार एस्टरांच्या (टेस्टोस्टेरॉनच्या सावकाश सुटणाऱ्या रूपांच्या) प्रचलित 250 मिलिग्रॅम मिश्रणात चक्क शेंगतेल असते, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने ते आधीच सांगावे. अनडेकॅनोएट हा जास्त काळ टिकणारा एस्टर एरंडेलात, 4 मिलिलिटर. घट्ट द्रव नितंबात सुमारे दोन मिनिटे सावकाश सोडतात. पहिल्या दोन मात्रांत सहा आठवडे, पुढे 10 ते 14 आठवड्यांचे अंतर.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: हे औषध मूल होऊ देत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की पीयूषिका आपले हुकूम थांबवते, वृषण आक्रसते, शुक्राणू घटतात, अनेकांत शून्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर दर आठवड्याच्या 200 मिलिग्रॅम इंजेक्शनची पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून चाचणी केली होती; तिचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. बंद केल्यावर शुक्राणू बहुधा परततात, पण महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त लागते. तालमीतला किंवा जिममधला पोरगा अंग भरण्यासाठी हेच इंजेक्शन चोरून, कितीतरी मोठ्या मात्रेत घेतो, लग्न करतो, आणि दोन वर्षांनी पाळणा हलला नाही की तपासण्या सूनबाईच्या सुरू होतात. हा सरळ अन्याय आहे. वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त आहे. ती आधी नवऱ्याची व्हावी. कमतरता खरी असून मूलही हवे असेल, तर दोष पीयूषिकेकडचा असल्यास एचसीजीची (एलएचसारखे काम करणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शने किंवा क्लोमिफेनच्या गोळ्या असे वेगळे मार्ग आहेत.

पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीचा किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांना हा उपचार देत नाहीत. चालू असताना रक्ताची घनता पाहावी लागते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचा वाटा, 54 टक्क्यांवर गेले की औषध थांबवतात. चाळिशीपुढे पीएसए ही पुरःस्थ ग्रंथीची रक्तचाचणी करतात. हृदयाची भीती बरीच वर्षे होती. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 5,200 पुरुषांच्या ट्रॅव्हर्स चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण निष्क्रिय औषधाच्या तुलनेत वाढलेले दिसले नाही. हृदयाची अनियमित लय आणि फुफ्फुसातील गुठळी मात्र अधिक आढळली.

जेल खांद्यावर किंवा दंडावर रोज सकाळी चोळतात. वाळेपर्यंत सदरा घालू नये, हात साबणाने धुवावेत. उघड्या खांद्यावर लेकराला घेतले तर औषध त्याच्या कातडीतून आत जाते आणि चार वर्षांच्या मुलाला अवेळी केस येऊ लागतात.