संकल्पनात्मक कलेतील वंश आणि अभाव

संकल्पनात्मक कलेतील (म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेतील) एक आशयसूत्र. रिकामी जागा, अंधार, पुसट होत जाणारा मजकूर, मागे घेतलेली कलाकृती किंवा खुद्द कलावंताची गैरहजेरी यांतून वंशभेदाचा विचार मांडणाऱ्या कलाकृती त्यात मोडतात. हा पंथ नव्हे, चळवळही नव्हे. प्रामुख्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे सूत्र हाताळले. मराठी वाचकाला ‘शून्यता’ म्हटले की बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन आठवतो. परंतु वस्तूंना स्वतंत्र स्वभाव नसतो हा माध्यमिकांचा (नागार्जुनाच्या बौद्ध संप्रदायाचा) सिद्धांत येथे फारसा उपयोगी पडत नाही. येथला अभाव बहुधा कोणीतरी घडवून आणलेला असतो.

पूर्वपीठिका : निव्वळ काळ्या चित्राचा उगम थट्टेत आहे, आणि ती थट्टा वांशिक आहे. पॅरिसमध्ये १८८२ साली झ्यूल लेव्हीच्या घरी ‘इनकोहेरंट’ (विसंगत) म्हणवणाऱ्या, कलेची थट्टा करणाऱ्या मंडळींचे प्रदर्शन भरले. त्यात पॉल बिलो या विनोदी लेखकाने संपूर्ण काळे चित्र मांडले. शीर्षकाचे पाठ वेगवेगळे मिळतात. ‘रात्रीच्या वेळी निग्रोंची लढाई’ असा एक, तर ‘बोगद्यातील लढाई’ असा दुसरा. फ्रेंच विनोदी लेखक अल्फाँस आलेने १८९७ च्या आपल्या एकरंगी चित्रांच्या पुस्तिकेत हाच विनोद तळघरात नेऊन छापला. बिलोचे म्हणून सांगितले जाणारे मूळ चित्र अलीकडे उजेडात आले आणि फ्रान्सने २०२१ मध्ये त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला.

रशियन चित्रकार काझिमिर मालेव्हिचचा ‘काळा चौकोन’ पेत्रोग्रादच्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) ‘०,१०’ या प्रदर्शनात डिसेंबर १९१५ मध्ये (जुन्या रशियन कालगणनेनुसार) प्रथम दिसला. रशियन घरात देवप्रतिमेची जागा असलेल्या वरच्या कोपऱ्यात तो टांगला होता. मालेव्हिचने त्यावर १९१३ हे साल घातले. चित्र प्रत्यक्षात १९१५ मधील असावे, असे आता सामान्यतः मानले जाते. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयाने २०१५ मध्ये क्ष-किरण व सूक्ष्मदर्शक तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. काळ्या रंगाखाली आणखी दोन रंगीत रचना सापडल्याच. शिवाय कडेच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेले काही शब्द आढळले. संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी ते ‘अंधाऱ्या गुहेत निग्रोंची लढाई’ असे लावले आणि अक्षर मालेव्हिचचेच मानले. तसे असेल, तर ‘आकाराचे शून्य’ म्हणून गाजलेल्या चित्राला आलेच्या विनोदाची जाण होती असे म्हणावे लागेल. काही अभ्यासक मात्र हे शब्द नंतर कोणा टवाळ प्रेक्षकाने खरडले असावेत असे मानतात. अक्षरे झिजलेली असल्याने दुसरे मत सहज डावलता येत नाही. अर्थात कोणाचेही हस्ताक्षर असले, तरी काळा पृष्ठभाग पाहताच कोणाला तरी काळी माणसेच सुचली, एवढे उरतेच.

प्रमुख कलाकृती : डेव्हिड हॅमन्स (१९४३– ) याने १९८३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या कूपर स्क्वेअरमध्ये पदपथावर बर्फाचे गोळे आकारवार मांडून विकले. विकलेला माल वितळून गेला. आज उरली आहेत ती मुख्यतः छायाचित्रे. त्याच्या ‘कन्चेर्टो इन ब्लॅक अँड ब्ल्यू’ (२००२) या कृतीत कलादालनाच्या प्रशस्त खोल्या पूर्ण अंधाऱ्या व रिकाम्या ठेवल्या होत्या. दाराशी मिळणारा बोटभर निळा दिवा घेऊन प्रेक्षकाने आत फिरायचे. दिसत ते फक्त इतरांचे दिवे.

ग्लेन लायगन (१९६०– ) याने १९९० मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन हिच्या १९२८ च्या निबंधातील एक वाक्य दारासारख्या उभ्या फळ्यावर छापाक्षरांनी पुन्हापुन्हा उमटवले. लख्ख पांढऱ्या पार्श्वभूमीवर आपण सर्वांत जास्त काळ्या ठरतो, असा त्याचा आशय. खाली येता येता काळी तेलखडी फासत जाते आणि वाचणे अशक्य होते. मराठीत रंग आणि अक्षर या दोहोंना ‘वर्ण’ म्हणतात. या कृतीचे वर्णन त्या एका शब्दात व्हावे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

पोप.एल (१९५५–२०२३) याने काळ्या देहाकडे ‘बाळगण्याजोगी उणीव’ म्हणून पाहिले आणि भोक या कल्पनेवर लेखन केले. सुपरमॅनचा पोशाख घालून ब्रॉडवे रस्त्यावर सुमारे २२ मैल टप्प्याटप्प्याने सरपटत जाण्याचा त्याचा प्रयोग अधिक परिचित आहे.

एड्रियन पायपर (१९४८– ) हिने १९७० मध्येच व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ एका प्रदर्शनातून आपली कृती काढून घेऊन जागी निवेदन ठेवले होते. २०१२ मध्ये तिने आपण काळेपणातून, म्हणजे कृष्णवर्णीय या ओळखीतून, निवृत्त होत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या प्रयोगकलेवरील प्रदर्शनातून आपले काम मागे घेतले. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या तत्त्वज्ञानाची ही अभ्यासक दीर्घकाळ योगसाधनाही करीत आली आहे. तिच्या ‘स्व’विषयक कृतींवर त्याचा ठसा काही समीक्षक पाहतात.